ट्रंक भरून झाली असेल तर हे ऐक

बाळा, अग्निवीर म्हणून बेळगावच्या सेंटरला निघालास. धावायचं कसं, केस किती कापायचे हे सांगायला गावभर माणसं आहेत. बॅरकमधल्या रात्रीबद्दल मात्र कोणी बोलत नाही, म्हणून तुझा हा निवृत्त सुभेदार काका बोलतो. बेळगावचंच असं नाही, जगातल्या कुठल्याही बॅरकला हे लागू आहे. आणि घाबरू नकोस. उस्तादांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या, शिव्या पहिल्याच दिवशी ऐकू येतात, माया कळायला चार महिने लागतात.

१. रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, आणि छळ यांची गल्लत करू नकोस – रगड्याला ग्राउंड असतं, वेळ असते, तुझी काहीतरी चूक असते आणि चारचौघं बघत असतात. छळाला यातलं काही लागत नाही. मी म्हणतो, शिस्त दिवसाउजेडी, छळ दिवा मालवल्यावर.

२. घरचा खाऊ पहिल्याच रात्री अख्ख्या बॅरकला वाट आणि नावं-गावं पाठ कर – ज्याला दहाजण नावाने हाक मारतात, त्याला एकटं गाठणं अवघड जातं.

३. बडीशी, म्हणजे तुझ्या जोडीदार जवानाशी, पहिल्याच दिवशी ठरवून घे: लाइट बंद झाल्यावर कोणी बोलावलं तर दोघांनी जायचं, नाहीतर कुठे आणि कोणाकडे ते सांगून जायचं.

४. कोणाचे बूट, कोणाचे कपडे, ‘नव्याने पार्टी द्यायची’ – पहिल्यांदाच हसत टाळ. पहिला ‘नाही’ फुकटात निघतो, दहावा ‘नाही’ मार खाऊन निघतो. आणि मोबाइलचा पिन सख्ख्या बडीलाही नको.

५. जातीवरून, रंगावरून, बोलण्यावरून चिडवणं, कपडे उतरवून व्हिडिओ काढणं, बळेच दारू पाजणं, याला कोणी गंमत म्हटलं तरी तू म्हणू नकोस – एक हसला, एक रडला, ती मस्करी नव्हे.

६. शरीर काय सांगतंय ते ऐक. रशियात चेल्याबिन्स्कच्या टँक अकादमीत २००५ सालच्या शेवटच्या रात्री एका नव्या जवानाला तासन्‌तास उकिडवं बसवलं. उपचाराला उशीर झाला आणि त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. त्याने काय गुन्हा केला होता? नवा होता, एवढाच. अति उठाबशांनी स्नायू फुटतात आणि त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडांवर बसतं. लघवी गडद तपकिरी झाली, मांड्या सुजून दगड झाल्या किंवा उन्हात भ्रमल्यागत वाटलं, तर सकाळच्या सिक रिपोर्टची वाट न बघता एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, गाठ. आणि तिथे ‘बाथरूममध्ये घसरलो’ म्हणू नकोस – डॉक्टर खरं कारण लिहील तरच इलाज नीट होईल, आणि पुढे तोच कागद तुझा साक्षीदार होईल.

७. कितीही डिवचलं तरी वरिष्ठावर हात उचलू नकोस – आर्मी ॲक्टच्या कलम ४० खाली या गुन्ह्याला चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. मग त्याचा छळ राहतो बाजूला आणि तुझीच केस उभी राहते.

८. तक्रारीची वाट आधीच माहीत करून घे. त्याच १९५० च्या कायद्यात कलम २६ आहे: जवान आपल्या कंपनी कमांडरकडे दाद मागू शकतो, आणि तक्रार त्यांच्याविरुद्धच असेल तर त्यांच्या वरच्या साहेबांकडे. ज्यांच्याकडे तक्रार जाते त्यांना चौकशी करावीच लागते. हाताखालच्याला मारहाण करणाऱ्याला किंवा छळणाऱ्याला कलम ४७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. लिहिताना तारीख, वेळ, जागा आणि कोण कोण हजर होतं, एवढंच लिही. विशेषणं घरी ठेव. जाणूनबुजून खोटा आरोप करणं हाही गुन्हाच आहे. तुला वाटेल, चार वर्षांनी शंभर अग्निवीरांत फार तर पंचवीस कायम होणार, कशाला नाव खराब करा? ही भीती मी उडवून लावणार नाही. म्हणूनच कुजबूज नको, कागद हवा – कुजबुजणाऱ्याला कुरकुरा ठरवतात, कागदाला कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

९. आईला ‘मजेत’ म्हण, मला खरं सांग. झोप उडाली, जीव नकोसा झाला तर १४४१६ वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव, मराठीत बोलतात. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून त्यांचा वेगळा कक्षही आहे.

१०. दुसऱ्याला कोपऱ्यात घेतलेलं दिसलं तर भांडू नकोस, दिवा लाव, पाणी प्यायला त्याच बाजूने जा, त्याला नावाने हाक मार – छळणाऱ्याला एकांत लागतो. तो मोडायला शौर्यपदक लागत नाही.

११. आता तुला न आवडणारं सांगतो. काही महिन्यांत तूच जुना होशील आणि ‘आम्ही सोसलं म्हणूनच घडलो’ हे वाक्य जिभेवर येईल. गिळून टाक. सोसलेलं पुढच्याच्या ताटात वाढायचं नसतं – ज्याला तू आज उकिडवं बसवशील, तोच उद्या नियंत्रण रेषेवर भरलेली रायफल घेऊन तुझ्या मागे चालणार आहे. नवी बॅच येईल तेव्हा तिला नळ, एमआय रूम आणि अर्ज देण्याची जागा तू स्वतः दाखव. उस्ताद दाखवतीलच, पण तू दाखवलंस तर रात्री काही झालं की ती पोरं आधी तुला उठवतील.