तारकासाम्राज्याचा राज्यकारभार

विज्ञानकथांतील साम्राज्ये हजारो ताऱ्यांवर पसरलेली असतात. एवढ्या अंतरावर राजधानीचा हुकूम पोचतो कसा? सूर्याखालोखाल आपल्याला जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. तेथून प्रकाश यायलाही सुमारे ४.२ वर्षे लागतात. म्हणजे तेथील बंडाची बातमी येऊन उत्तर जाईपर्यंत आठ वर्षे उलटावयाची. म्हणून लेखकाला प्रथम दळणवळणाची सोय लावावी लागते, आणि तीवरूनच राज्यपद्धती ठरते.

आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन'मध्ये (१९५१) वेगवान जहाजे आहेत. त्यांच्या बळावर सुभेदार नेमून कारभार चालतो. राजधानी ट्रँटॉर वीस शेतकरी ग्रहांच्या धान्यावर जगते. केंद्र दुबळे होताच अ‍ॅनाक्रिऑनचा सुभेदार राजा बनतो. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) ग्रह सरदार घराण्यांना जहागिरी म्हणून दिलेले आहेत. अंतराळप्रवासाचा मक्ता एका संघाकडे आहे. त्याला लागणारा मसाला मात्र एकट्या अराकिसवर मिळतो. अर्सुला ल ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये (१९६९) संदेश तत्क्षणी जातो, पण माणसाच्या प्रवासाला वर्षानुवर्षे लागतात. तेथे साम्राज्य नाही, ग्रहांचा संघ आहे. तो फौज न धाडता एकच दूत पाठवतो आणि सामील होण्याचे निमंत्रण देतो.

पहिल्या दोन कथांत ग्रहांची संमती कोणी विचारीत नाही. तरीही राजधानीचे अन्न आणि सम्राटाचा प्रवास त्याच ग्रहांवर अवलंबून असतो. म्हणून अशी कथा वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा : या ग्रहाला 'नाही' म्हणता येते काय?