आजारी महिन्याचा हिशेब

घरात मधुमेहाचा, मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा अर्धांगवायूचा रुग्ण असेल, तर कर्ज फेडायची नेहमीची रीत तिथे चालत नाही. नेहमीची रीत म्हणजे पैसे हातात आले की आधी हप्ते, मग उरेल त्यात घर. आजारी माणसाच्या घरात असं करायला गेलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गोळ्या निम्म्यावर येतात, इन्सुलिन पुरवून पुरवून टोचलं जातं, आणि एका रात्री गाडी करून पनवेल नाहीतर मुंबई गाठावी लागते. त्या एका फेरीत वर्षभर फेडलेलं पुन्हा अंगावर बसतं. म्हणून इथला क्रम वेगळा आहे: आधी औषध, मग पोट, मग कर्ज. महाड-पोलादपूरची घरं, इथली कार्यालयं आणि इथला पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून ही कृती लिहिली आहे.

पहिलं काम कागदांचं. प्रत्येक कर्जाला वहीचं एक पान द्या. कुणाकडून घेतलं, मुद्दल किती, आजवर किती भरलं, व्याज महिन्याचं की वर्षाचं, तारण काय, जामीनदार कोण, कोरे चेक किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या दिल्यात का, हे सगळं त्यावर लिहा. गावातल्या सावकाराचं कर्ज आणि मेहुण्याकडून घेतलेली हातउसनवारीसुद्धा वहीत आली पाहिजे. लाजेने वगळलेलं कर्जच पुढे सगळा हिशेब बिघडवतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ज्यांची कपाटं पाण्याखाली गेली, त्यांनी बँक, पतसंस्था आणि फायनान्स कंपनीकडे खातेउतारा आणि करारपत्राची प्रत लेखी मागावी. नवे कागद हातात आले की मोबाईलवर फोटो काढा आणि मुंबईतल्या भावाच्या किंवा मुलीच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा. हे काम एका बैठकीत उरकायचा हट्ट नको. रुग्णाच्या अंगात बळ असेल त्या दिवशी दोन पानं पुरेत. घरातल्या एकाच माणसाने वसुलीचे फोन घ्यावेत, आणि तो माणूस रुग्ण नसावा.

दुसरं काम हिशेबाचं, आणि सगळी कृती याच्यावर उभी आहे. बहुतेक जण चांगल्या महिन्याचं उत्पन्न धरून हप्त्याचा शब्द देतात. तुम्ही आजारी महिन्याचं धरा. समजा घरातला कर्ता बिरवाडीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे. खाडे झाले नाहीत तर घरात १६,००० रुपये येतात, तब्येत बिघडली की ९,५००. औषधं आणि तपासण्या १,९००, दवाखान्याचा प्रवास ६००, रेशन-किराणा, गॅस, वीज आणि शाळा मिळून ४,९००. एकूण ७,४००. उरले २,१००. त्यातले ३०० अडीअडचणीला बाजूला ठेवले, तर सगळ्या कर्जांना मिळून १,८०० रुपये देता येतात. आता मागणी बघा. बायकोच्या दोन गटकर्जांचे २,३०० आणि १,९००, पतसंस्थेचा हप्ता २,५००, आणि सावकाराच्या ५०,००० वर महिना पाच टक्क्यांनी २,५००. बेरीज ९,२००. चांगल्या महिन्यातही खर्च जाऊन ८,६०० च उरतात, म्हणजे एकही खाडा झाला नाही तरी हे हप्ते झेपत नाहीत. कागदावर हे दिसलं की घरातली एकमेकांवरची चिडचिड थोडी निवते. कुणाच्या आळशीपणाने हे झालेलं नाही. इथून पुढे एकच मार्ग, मुदत वाढवून हप्ता खाली आणायचा. चांगल्या महिन्यात जे जास्त येईल ते कुणाला कबूल करू नका. त्यातलं निम्मं जुलै-ऑगस्टसाठी राखा, कारण तेव्हा मजुरी तुटते आणि घाटरस्ते बंद पडतात. दोन महिन्यांच्या गोळ्याही जूनमध्येच घरात भरून ठेवा.

तिसरं काम आजाराचा खर्च खाली आणण्याचं. कर्जाच्या वाटाघाटीला बसण्याआधी हे करा, कारण इथे वाचलेला रुपया कुणाशी भांडून मिळवायचा नसतो. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मिळतात. तिथे नसलेल्या जनऔषधी केंद्रात शोधा. त्यासाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्या.

भरती व्हायची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. जुलै २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. आज ती आयुष्मान भारतशी जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. डायलिसिसही तिच्यात येतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ वर कळतं. ही योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आणि ठरलेल्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्या आणि प्रवास तिच्यात येत नाहीत, आणि घरं बुडतात ती बहुधा याच दोन खर्चांत. म्हणून एसटीच्या सवलतींची चौकशी आगारात जाऊन करा. महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास आहेच, पण डायलिसिस, कर्करोग, सिकलसेल यांच्या रुग्णांनाही सवलती आहेत आणि अनेकांना त्या माहीत नसतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात जाणार असाल, तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे.

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. ठरावीक ३४ दीर्घ आजारांसाठी, नोकरीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत. पीएफमधून आजारासाठी काढलेली रक्कम परत भरावी लागत नाही. ठेकेदाराकडे काम केलं म्हणून हे हक्क जात नाहीत, मात्र कापलेली रक्कम खात्यात जमा होते का ते तपासा. काम कायमचं सुटलं असेल, तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज द्या. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा आजारांचे रुग्ण आणि दिव्यांग तिच्यात येतात.

अशा योजनांच्या अनुदानाचे पैसे ज्या बँकेत कर्ज आहे तिथल्या खात्यावर येऊ देऊ नका. थकबाकीपोटी ते वळते होऊ शकतात. पोस्टातलं किंवा दुसऱ्या बँकेतलं खातं द्या. विम्याची चालू पॉलिसीही कर्ज फेडायला मोडू नका. आजार जडलेल्या माणसाला तसा विमा पुन्हा मिळणं अवघड असतं.

चौथं काम, कुणाच्या कर्जाला कुठला कायदा लागतो ते ओळखणं. इथे लोक सगळ्यांना एकाच भीतीने तोंड देतात, आणि फसतात.

गटकर्ज, म्हणजे मायक्रोफायनान्स. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढे जाता कामा नयेत. तरी तिसरं कर्ज गळ्यात मारायला कुणी आलं, तर नकार द्या. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नावं जाहीर करणं, सगळ्याला मनाई आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: परतफेड अवघड झालेल्या कर्जदाराला ओळखून त्याच्याशी बोलण्याची आणि त्याला मार्ग सांगण्याची व्यवस्था ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मले. त्या बँकेचे नियम वाडीवरच्या बाईलाही तितकेच लागू आहेत, हे तिला कुणीतरी सांगितलं पाहिजे. गटातल्या बायकांपासून आजार लपवू नका. मीटिंगमध्ये त्यांच्यावरच दबाव येतो, आणि आधी कळलेलं असेल तर त्याच तुमच्या बाजूने बोलतात.

पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. ती सहकार कायद्याखाली आहे. हप्ते तुंबले की संस्था निबंधकाकडे कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. त्याची नोटीस आली की तारखेला हजर राहाच. भरलेल्या पावत्या दाखवा, व्याजाच्या आकारणीवर हरकत घ्यायची असेल तर लेखी घ्या. गैरहजर राहिलात तर संस्थेचाच आकडा कायम होतो आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो. जामीनदारही त्यात ओढला जातो. म्हणून वरच्या १,८०० पैकी ८०० मी पतसंस्थेला लावीन, आणि ५००-५०० दोन्ही गटकर्जांना.

सावकाराला मग काय? आधी त्याचा परवाना विचारा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ प्रमाणे विनापरवाना व्याजाचा धंदा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाधारकालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के, शेतकऱ्याला ९ आणि १२ टक्के, एवढीच मर्यादा आहे. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. वरच्या उदाहरणात वीस महिने व्याज भरलं असेल, तर व्याजच मुद्दलाएवढं झालं, आणि दामदुपटीच्या नियमाने त्याच्या पुढे व्याज मागता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे, सहकारी संस्था, या कार्यालयात द्यायची. कर्जाच्या तारणापोटी जमिनीचं खरेदीखतच करून घेतलं असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराबद्दल अलिबागच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत मिळू शकते. सावकार गावकीतलाच असतो, हे खरं अवघड आहे. म्हणून एकट्याने जाऊ नका. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातला एखादा वजनदार माणूस सोबत घ्या, आणि पहिलं बोलणं मुद्दलाचे सुटसुटीत हप्ते ठरवण्याचं करा.

मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपने फोटो पसरवायची धमकी दिली, तर पैसे न पाठवता सायबर मदतवाहिनीला १९३० वर कळवा.

पाचवं काम पत्राचं. बँक आणि फायनान्स कंपनीत ९० दिवस थकलं की कर्ज अनुत्पादित ठरतं आणि बोलणी कठीण होतात. पत्र त्याआधी गेलं पाहिजे. मजकूर एवढाच पुरे:

“माझे पती मूत्रपिंडाच्या आजारावर उपचार घेत आहेत. डॉक्टरांचा दाखला व उत्पन्न-खर्चाचा तक्ता जोडला आहे. आजारामुळे कुटुंबाचे मासिक उत्पन्न ९,५०० रुपयांपर्यंत खाली येते. आवश्यक खर्च वजा जाता मी आपल्या कर्जास दरमहा ५०० रुपये देऊ शकते. मुदत वाढवून हप्ता कमी करावा, दंड आकारणी थांबवावी आणि निर्णय लेखी कळवावा.”

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. उत्तर येईपर्यंत ठरवलेली रक्कम भरत राहा. अर्धा हप्ता भरला म्हणून थकबाकी थांबत नाही, पण पावत्यांवरून तुमची नियत दिसते, आणि पुढे लोकअदालतीत त्या कामी येतात. बँक किंवा कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८.

वकिलाची नोटीस आली की ती फळीवर ठेवून देऊ नका. चेक न वटल्याची नोटीस असेल, तर मिळाल्यापासून १५ दिवसच हातात असतात. महाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेल्यांना मोफत वकील मिळतो. महाडच्या पूरग्रस्तांनी हा शेवटचा मुद्दा अर्जात लिहावाच. फोन १५१००. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसतं, म्हणून झेपणार नाही अशा हप्त्यावर तिथल्या गर्दीत सही करू नका. आजारी महिन्याचा तक्ता खिशात ठेवा आणि त्याच आकड्यावर ठाम राहा.

या सगळ्यात रात्रीची झोप उडाली, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येऊ लागले, तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हेही औषधाइतकंच आधी करायचं काम आहे, वसुलीवाल्याच्या फोनच्या कितीतरी आधी.

एखादं कर्ज एकरकमी मिटवायची बोलणी झाली, तर पैसे देण्याआधी रक्कम, तारीख आणि “यानंतर काही बाकी नाही” एवढं संस्थेच्या कागदावर लिहून घ्या. फिटल्यावर बेबाकी दाखला, कोरे चेक आणि स्टॅम्पपेपर परत मागा. बँकेने घराचे किंवा जमिनीचे मूळ कागद पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत द्यायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने कर्जदाराला द्यायची आहे. दाखला घेऊन तलाठ्याकडे जा, सातबारावरचा बोजा उतरवायचा अर्ज द्या, आणि बोजा उतरलेला नवा उतारा हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.