लिव्हरचा रिपोर्ट आणि डब्यातली कणीक

आई-बाबांनो, लेकराच्या रिपोर्टवर ‘एसजीपीटी’ या लिव्हरच्या एन्झाइमसमोरचा आकडा ठळक छापून आला की पोटात कसा गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. तो कागद माझ्या टेबलावर ठेवताना हात थरथरलेल्या कितीतरी आया मी पाहिल्यात.

मध्यंतरी एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. वजन १४ किलो, पोट पुढे आलेलं, हातपाय काटकुळे. लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही हिमोग्लोबिन हलत नव्हतं. एसजीपीटी ११०च्या घरात होतं. कावीळ मात्र नव्हती. डोळे पांढरे स्वच्छ, लघवीचा रंग नेहमीचा. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. आठ महिने लिव्हरचं टॉनिक चालू होतं आणि घरच्यांनी पोरीचं तूप-तेल तोडलं होतं, लिव्हरला जड पडतं म्हणून. ‘मग खाते काय?’ मी विचारलं. सकाळी दुधात माल्टची पावडर, डब्यात तूप न लावलेली पोळी, संध्याकाळी रव्याची खीर. हलकं, पचायला सोपं, असं समजून माऊली तिला दिवसातून तीनदा नेमकं तेच भरवत होती, जे त्या पोरीला सोसत नव्हतं.

रक्तातल्या टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी केली. आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर. पोरीला सिलियाक नावाचा आजार होता.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही मुलांचं शरीर ग्लुटेनला शत्रू समजतं आणि त्या लढाईत आपल्याच लहान आतड्याची लव झिजवून टाकतं. अन्न शोषायचं काम या लवेचं. ती गेली की खाल्लेलं अंगी लागत नाही. आतड्यातून निघालेलं रक्त आधी थेट लिव्हरमध्ये जातं. आतड्याची भिंत पाझरू लागली की जे आत यायला नको तेही त्या रक्ताबरोबर लिव्हरपर्यंत पोहोचतं, आणि तिथे सूज येते. शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचाही त्यात हात असावा असं मानतात. मूळ दुखणं आतड्यात, झळ लिव्हरला.

हे दुर्मीळ आहे असं समजू नका. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. सिलियाक असलेल्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्क्यांची लिव्हरची एन्झाइम वाढलेली आढळली. उलट बाजूनेही पाहिलं गेलं: ज्या मुलांची एन्झाइम थोडी वाढलेली आहेत पण कारण सापडत नाही, त्यांच्यातल्या सुमारे १२ टक्क्यांना सिलियाक निघाला. म्हणून कारण न सापडता एसजीपीटी वाढलेलंच राहत असेल, तर टॉनिकची पुढची बाटली आणण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘टीटीजी करायची का?’ जुलाब नाहीत म्हणून सिलियाक नाही, असं होत नाही. उत्तर भारतात हा आजार साधारण शंभरात एकाला आहे. ज्वारी-तांदळाच्या आपल्या मुलखात तो पटकन डोक्यात येत नाही, पण आता पोळी कुणाच्या डब्यात नसते?

एक विनंती हात जोडून करते. तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका. धास्तीने तुम्ही आधीच तो थांबवलात, तर प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि निदान अडतं. मग त्याच लेकराला तपासणीसाठी पुन्हा गहू खायला घालायची वेळ येते.

निदान सांगितल्यावर ती आई रडली. म्हणाली, ‘डॉक्टर, मीच माझ्या हाताने विष घातलं हो.’ तुमच्याही मनात हेच येत असेल तर ऐका. या आजाराची प्रवृत्ती जन्मतः जनुकांतून आलेली असते. गव्हाचा त्याच्याशी असलेला संबंध वैद्यकालासुद्धा फार उशिरा उमगला. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ अशा मुलांच्या आहाराकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवून होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांची ही आजारी मुलं मात्र सुधारली. १९५० साली त्यांनी या संबंधावर आपला प्रबंध मांडला. मोठमोठ्या डॉक्टरांना जे दिसलं नाही, ते स्वयंपाकघरातल्या आईला आपोआप कसं दिसावं?

औषध एकच, ग्लुटेन पूर्ण बंद, आणि तेही आयुष्यभर. बहुतेक मुलांची एन्झाइम चार ते आठ महिन्यांत, कधी वर्षभरात, खाली येतात. पण ‘पूर्ण’ म्हणजे काय, इथेच आपण चुकतो. पोळी, रवा, मैदा, शेवया लक्षात राहतात. बाजारच्या बांधानी हिंगात कणीक असते, ते राहत नाही. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो, सातूच्या पिठात असतो. गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली तर ती ज्वारीही चालत नाही. लेकराचं धान्य घरीच छोट्या चक्कीवर वेगळं दळा. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ‘एवढासा’ म्हणून कुणी हातावर ठेवला, तरी तो एवढासाही त्रासाला पुरतो. आजी-आजोबांना हे रागावून सांगू नका. रिपोर्ट दाखवून, शेजारी बसून सांगा. एकदा पटलं की तेच सर्वांत कडक राखण करतात, हा माझा अनुभव आहे.

आणि आपल्याकडे काय काय आहे तेही बघा. भाकरी, नाचणीचं सत्त्व, तांदळाची उकड, घावन, उकडीचे मोदक. उपासाचं फडताळ तर जणू या मुलांसाठीच भरलेलं: वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा. तिथेही पीठ निवडून घ्या, भेसळ नको. तोडलेलं तूप परत सुरू करा, लेकराला ते हवंच आहे. पाकिटबंद ग्लुटेनमुक्त बिस्किटांवर मात्र फार विसंबू नका. ती खाऊन वजन भराभर वाढलं तर लिव्हरमध्ये चरबी साठू शकते, आणि ते निराळंच दुखणं.

सहा महिने ते वर्ष उलटूनही आकडे उतरले नाहीत, तर आधी स्वयंपाकघर पुन्हा तपासायचं, आणि तिथे काही सापडलं नाही तर लिव्हरच्या तज्ज्ञांकडे वेळ न दवडता जायचं. काही मुलांना सिलियाकच्या जोडीला ऑटोइम्यून हिपॅटायटिस असतो, म्हणजे शरीर आपल्याच लिव्हरवर हल्ला करतं. त्याला पथ्य पुरत नाही, स्टेरॉइडसारखी औषधं लागतात. ती नाकारू नका. डोळे पिवळे होणं, पोटात पाणी साठणं, रक्त लवकर न थांबणं यातलं काही दिसलं तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त गोठायला वेळ लागतो म्हणजे लिव्हर निकामी झालंच, असंही नसतं. आतड्याने जीवनसत्त्व ‘के’ शोषलं नाही तरी तसं होतं, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

हिपॅटायटिस बीची लस बाळपणी दिली असेल, तरी सिलियाकच्या काही मुलांत तिचं संरक्षण पुरेसं तयार होत नाही. एकदा रक्त तपासून घ्या, गरज पडली तर पुन्हा टोचता येते.

ती मुलगी पाच महिन्यांनी आली तेव्हा वजन तीन किलोंनी वाढलं होतं. एसजीपीटी उतरलं होतं, पण पार नाही, ६०वर अडलेलं. आईचा चेहरा पडला. मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना फोडणीच्या डब्यातलं सगळं घेऊन या. दोन आठवड्यांनी ती पिशवी घेऊन आली, आणि मी काही विचारायच्या आत तिनेच हिंगाची डबी काढून माझ्यापुढे ठेवली.