नोकरीवरचा डबा : थोड्या पैशांत पुरेसे अन्न

या स्मरणिकेत शाळेच्या जडणघडणीचा इतिहास येईल, गुणवंतांचा गौरव होईल, जुन्या आठवणींना उजाळा मिळेल. आम्ही मात्र वाचकांचे लक्ष एका साध्या विषयाकडे वेधू इच्छितो, तो म्हणजे कामावर नेण्याचा दुपारचा डबा. येथून बाहेर पडलेली मुले-मुली आज औद्योगिक वसाहतींत, बँकांत, रुग्णालयांत, दुकानांत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करीत आहेत. त्यांतील पुष्कळजण आपल्या घरातले पहिले पगारदार आहेत. वसतिगृहात घंटा झाली की ताट समोर येत असे. नोकरीच्या गावी ती घंटा कोणी वाजवीत नाही. पगारातून खोलीभाडे, गावाकडे धाडायची रक्कम आणि धाकट्या भावंडांचे शुल्क वजा झाले की काटकसरीचा पहिला घाव स्वतःच्या पोटावर बसतो. दुपारी एक वडापाव आणि दोन कप चहा यांवर दिवस निभावणारे आमचे माजी विद्यार्थी भेटतात, तेव्हा त्यांच्या जिद्दीचे कौतुक वाटते आणि काळजीही वाटते.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये शिकत असताना अर्धपोटी राहून, रात्री पापड भाजून खाऊन अभ्यास केला, हे आपण त्यांच्या चरित्रांत वाचतो आणि मुलांना अभिमानाने सांगतो. परंतु ती उपासमार त्यांनी हौसेने पत्करलेली नव्हती. हाताशी दुसरा मार्ग नव्हता. आज मार्ग उपलब्ध असताना उपाशी राहणे म्हणजे त्यांचे अनुकरण नव्हे. अनुकरण करायचे ते त्यांच्या अभ्यासाचे, आणि अभ्यासाला व कामाला शरीर लागतेच.

आधी पैशांचा हिशेब पाहू. मुंबई-पुण्यात बाहेरची साधी थाळी शंभर रुपयांच्या आत क्वचितच मिळते. महिन्याचे बावीस दिवस धरले तर तो खर्च २,२०० रुपयांवर जातो. आता घरचा डबा घ्या : शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकरी, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, एक वाटी पालेभाजी, मूठभर शेंगदाण्यांची चटणी आणि लिंबाची फोड. सध्याच्या बाजारभावाने तेल, मीठ, इंधन धरूनही हा डबा पंचवीस-तीस रुपयांत होतो. दर गावोगावी व हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून प्रत्येकाने आपल्या पेठेतला भाव घालून हिशेब पुन्हा मांडावा. तरीही महिन्याकाठी दीड हजार रुपये आणि वर्षाकाठी अठरा हजारांच्या आसपास रक्कम हाती उरते. एवढ्यात घरातल्या एखाद्या मुलाची वह्या-पुस्तके आणि प्रवासखर्च सहज निघावा.

पैसे वाचले, पण पोषणाचे काय? याच डब्यात ज्वारीतून सुमारे दहा, मटकीतून नऊ आणि शेंगदाण्यांतून चार, अशी मिळून तेवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुधारलेल्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ अर्धा वाटा या एका डब्यातून भागतो. शिवाय धान्यात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यात मेथिओनीन कमी असते; दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी-उसळ, वरण-भात, खिचडी, झुणका-भाकर या जोड्या आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळेविना जमवल्या होत्या. वडापावात पाव मैद्याचा आणि वडा बटाट्याचा, त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते आणि चार वाजता पुन्हा भूक लागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की, दिवसभराच्या ऊर्जेपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा येऊ नये. आमच्या समाजातील बहुसंख्य डबे याच्या नेमके उलट असतात : चार पोळ्या, त्यांवर तेलात परतलेल्या बटाट्याच्या फोडी. आमचे सांगणे एवढेच की दोन पोळ्या कमी कराव्यात आणि त्यांची जागा कडधान्याला व भाजीला द्यावी. याला वेगळा खर्च लागत नाही.

मोड आलेल्या कडधान्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वस्त डब्याचा कणा तोच आहे. रविवारी रात्री मटकी किंवा मूग निवडून, धुऊन भिजत घालावे. सकाळी पाणी काढून ओल्या सुती फडक्यात सैल बांधून टांगावे. उन्हाळ्यात त्याच दिवशी संध्याकाळी मोड दिसू लागतात. थंडीत एक दिवस अधिक लागतो. फडके घट्ट बांधले किंवा पाणी नीट निथळले नाही तर आंबूस वास येतो. असे कडधान्य टाकून द्यावे, फोडणीत वास दडवून खाऊ नये. मोड येताना धान्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि पचनही हलके होते. कोरड्या डाळीत हे जीवनसत्त्व जवळपास नसतेच. उसळ नेहमी पुरती शिजवावी. कच्चे मोड पावसाळ्यात पोट बिघडवतात. हुलगे, चवळी, मसूर, हरभरे यांची आळीपाळी ठेवली तर आठवडाभर एकच चव पुढे येत नाही. ज्यांना अंडे चालते त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा एक उकडलेले अंडे जोडावे. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि सोलायला वेळ लागत नाही.

लोहाचा प्रश्न आमच्या मुलींच्या बाबतीत विशेष गंभीर आहे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बाजरी, राजगिऱ्याची व तांदुळजाची भाजी, हरभरे, तीळ यांत लोह आहे. पण वनस्पतीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. डब्यातल्या लिंबाच्या फोडीचे काम येथे आहे. आंबट रस पिळला की लोहाचे शोषण वाढते. याउलट जेवणाला जोडून चहा घेतला की त्यातील टॅनिन ते शोषण अडवते. कचेरीत जेवण आटोपताच चहाची फेरी निघते. ती तासभर पुढे ढकलावी. हाडांसाठी नाचणीला तोड नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी थंड झाल्यावर कडक होते म्हणून पुष्कळजण टाळतात. पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळले तर दुपारपर्यंत ती मऊ राहते.

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो. मधल्या सहा तासांत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, अन्न नासण्यास पुरेसा अवकाश असतो. ओले खोबरे, दह्यात आधीच कालवलेली कोशिंबीर आणि पातळ कालवण लवकर आंबतात. सुकी भाजी, झुणका, थालीपीठ, दशमी, धपाटे टिकतात. पोळी-भाकरी गरम असतानाच झाकण लावले की वाफेचे पाणी सुटते आणि ती चिकट होते, म्हणून वाफ जाऊ द्यावी. रात्रीचा भात बाहेर तसाच ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची सवय धोक्याची आहे. उघड्या राहिलेल्या भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. फोडणीचा भात न्यायचा असेल तर रात्रीचा भात पसरून लवकर थंड करावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा; फ्रीज नसेल तर तो बेत सोडावा. भाकरी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळू नये, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. स्वच्छ धुतलेले सुती फडके सर्वांत उत्तम. डबा स्टीलचा घ्यावा. एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले की ते डबा नेत नाहीत याचे कारण पैसा किंवा वेळ नव्हे, तर संकोच. चारजणांत बसून ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी किंवा सुकट उघडली की कोणीतरी नाक मुरडतो, कोणी ‘हे काय आहे?’ असे विचारतो, आणि त्या प्रश्नामागचा दुसरा प्रश्न ऐकू येतो. त्यापेक्षा उपाहारगृहातून सर्वांसारखे मागवलेले बरे, असे त्यांना वाटते. या संकोचाची आम्ही थट्टा करणार नाही. त्याला मोठा इतिहास आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, ती याच इतिहासाच्या पार्श्वभूमीवर. परंतु पोषणाच्या दृष्टीने पाहता त्या डब्यात लाजण्यासारखे काहीही नाही. ज्वारी-बाजरीला कालपर्यंत गरिबाचे अन्न म्हणून हिणवले जाई. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि आता तीच धान्ये शहरांतील मोठ्या दुकानांत चढ्या भावाने विकली जातात. सुक्या मासळीच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. फक्त तिच्यात मीठ भरपूर असते, म्हणून ती गरम पाण्यात धुऊन घ्यावी आणि त्या दिवशी लोणचे-पापड वगळावेत. बंद खोलीत बसणाऱ्यांनी वासाचा विचार करून ती रविवारी घरी खावी, एवढी तडजोड आम्हांला मान्य आहे. भाकरी मात्र उघडपणे खावी.

डबा कोणी करायचा, हाही प्रश्न आहे. पुष्कळ घरांत पहाटे पाचला उठून तीन-चार डबे भरणारी आई किंवा सून स्वतः मात्र उरलेसुरले खाऊन कामाला जाते. तिच्यासाठी डबा भरलाच जात नाही. आमच्या वसतिगृहात मुलांनाही पीठ मळण्याची व भाजी निवडण्याची पाळी असे, तेव्हा काही पालकांनी नापसंती दर्शवली होती. तीच मुले आज खोल्या घेऊन राहतात आणि भाकरी थापतात. रात्री भाजी चिरून ठेवणे, कणीक मळणे, चटणीचे कूट करणे या कामांना स्वयंपाकाचे कौशल्य लागत नाही; घरातील कोणताही पुरुष ती करू शकतो. ती रात्री झाली की सकाळचे काम पाऊण तासावर येते.

ज्यांना चूल मांडणे शक्यच नाही त्यांनी चांगली खानावळ शोधावी. मुंबईच्या गिरणगावात कामगारांची पोटे खानावळी चालवणाऱ्या बायांनीच भरली, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्याच बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आजही प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या आसपास घरगुती डबे देणाऱ्या स्त्रिया असतात. डबा ठरवताना एवढेच विचारावे : रोज डाळ किंवा उसळ मिळेल का, भाजी बटाट्याखेरीज कोणती असेल, आणि तेल एकदाच तापवलेले असेल का. पोळ्या चारांऐवजी तीन घेऊन त्याच पैशांत उसळीची वाटी मोठी मागितली, तर बहुतेक जणी आनंदाने देतात.