नवरा गेला म्हणजे बाईचं काय काय जातं?



मागच्या पाठात आपण लिंग आणि लिंगभाव यातला फरक पाहिला. शरीर निसर्ग देतो. बाईने कसं वागायचं, कसं दिसायचं, कुणावर जीव लावायचा हे समाज ठरवतो. काही जणी म्हणाल्या, उदाहरण दिलं तर डोक्यात बसेल. म्हणून या वेळी विधवा बाईचं उदाहरण घेऊ.

बायको वारली तर पुरुषाच्या अंगावरचं काय उतरवतात? काहीच नाही. वर्षाच्या आत लोकच स्थळ बघायला लागतात. "पोरांना कोण बघणार, भाकरी कोण करणार?" तीच पोरं बाईच्या पदरात असली की तिने मात्र "पोरांकडे बघून दिवस काढायचे." कुंकू, बांगड्या, जोडवी सगळं उतरवायचं. कारण ती नटली म्हणजे कुणासाठी नटली, हा प्रश्न गावाला पडतो. त्याची ती गरज, हिने फोनवर दोन शब्द हसून बोललं तर ती थेरं! बत्तीस वर्षांच्या बाईचं मन आणि शरीर कुंकवाबरोबर पुसलं जात नाही, हे आपल्याला कळतं. बोलत मात्र कुणी नाही.

हे देवाने ठरवलं असतं तर सगळीकडे सारखंच असतं ना? पण तसं नाही. आपल्याकडच्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लावायची, म्हणजे म्होतूर लावायची रीत होती. तो पाट रात्री, गाजावाजा न करता लागायचा, ही गोष्ट वेगळी. ज्या जातींत पुनर्विवाह नव्हता त्यांना मान जास्त, म्हणून पुढे बऱ्याच घराण्यांनी पाट बंद केला. म्हणजे घराण्याची इज्जत वाढली ती बाईच्या जिवावर.

यावर बोलणारी पहिली बाई काही आजची नाही. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, लग्नाबाहेर झालेलं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली, पुढे ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांत बायकांच्या नावाने खडे फोडणं सुरू झालं. त्या मुलाच्या बापाचं काय, हे कुणी विचारेना. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं आणि बाईला एक न्याय, पुरुषाला दुसरा का, असा थेट जाब विचारला. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात अशा गरोदर विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली होती.

आता अलीकडचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव म्हणजे कायदा नव्हे, आणि ठरावाने लोकांच्या नजरा एका दिवसात बदलत नाहीत. पण घरात भांडायला बाईच्या हातात एक कागद तरी आला.

कागदावरून आठवलं, हे नीट लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मालमत्तेत बायकोचा हिस्सा मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने असतो. तिने पुढे दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा काढून घेता येत नाही. "लग्न केलंस तर जमीन सोड" असं दीर म्हणत असेल, तर सही करू नका, आधी ग्रामसंघात या.

एक कडू बोलते, राग मानू नका. बांगड्या फोडायला पुढे कोण होतं? आपणच बायका. गटाच्या हप्त्याला, कर्जफेडीला आपल्याला विधवा ताई चालते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र तिला निरोप जात नाही.

पुढच्या बैठकीत हे करा: प्रत्येकीने आपल्या घरात नवरा वारल्यावर बाईला आणि बायको वारल्यावर पुरुषाला काय काय सोडावं लागलं ते सांगायचं. सचिव ताईंनी फळ्यावर दोन रकाने करून लिहायचं. मग यंदाचं हळदीकुंकू सगळ्या सदस्यांसाठी करायचं का, यावर हात वर करून मत घ्या. विधवा ताईंना आधी बोलू द्या. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा, "नाही" ठरलं तरी कारणासकट लिहा.