पृथ्वीची गिरकी आणि चंद्राची उत्पत्ती

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात मिरचीच्या बांधावर जो मनुष्य उभा आहे, तो स्वतःस स्थिर समजतो. परंतु तो आपल्या शेतासह पूर्वेकडे ताशी दीड हजार किलोमीटरांहून अधिक वेगाने चालला आहे. जालन्याहून सुटलेली आगगाडी सरळ व एकसारखी धावत असता आत बसलेल्याच्या तांब्यातील पाणी हिंदकळत नाही, तद्वत् ही गती आपणांस जाणवत नाही. इतके आमच्या बहुतेक वाचकांनी शाळेत ऐकले असेल. पण हे फिरणे पृथ्वीस कशाने लागले, आणि ते थांबत का नाही, असे मुलांनी विचारिले म्हणजे शिकविणाऱ्यास पुष्कळदा उत्तर सुचत नाही. म्हणून आज त्याविषयी लिहितो.

दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेऊ. कुंभाराचे चाक थांबते ते खुंटीच्या घर्षणाने व हवेच्या अडथळ्याने. अडथळाच नसता तर ते फिरतच राहिले असते. पृथ्वीस ना खुंटी, ना बाहेर हवा. तेव्हा तिला फिरत ठेवण्यास कोणी ढकलावे लागत नाही.

आता पहिला प्रश्न. सुमारे 460 कोटी वर्षांपूर्वी आपल्या सूर्यमालेच्या जागी वायू व धूळ ह्यांचा एक अफाट मेघ होता, व तो अगदी मंद असा फिरत होता. स्वतःच्याच आकर्षणाने तो आत ओढला जाऊ लागला, तसा त्याचा वेग वाढला. ह्याचा दाखला कोणत्याही अंगणात मिळतो: हात पसरून गरगर फिरणाऱ्या मुलाने हात एकदम छातीशी घेतले की त्याची गिरकी वाढते. फिरता फिरता तो मेघ थाळीसारखा चपटा झाला. मध्ये सूर्य झाला व भोवतालच्या धुळीचे गोळे एकमेकांवर आदळून व चिकटून ग्रह झाले. त्या थाळीचे फिरणे व त्या आघातांचे धक्के, हीच ग्रहांच्या गिरकीची पुंजी होय.

म्हणूनच आठांपैकी सहा ग्रह पृथ्वीप्रमाणेच पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतात. गुरू एवढा प्रचंड असूनही दहा तासांच्या आत एक फेरा पुरा करितो. मंगळाचा फेरा 24 तास 37 मिनिटांचा, म्हणजे बहुतेक आपल्यासारखाच. दोन ग्रह मात्र वेगळे आहेत. शुक्र उलट फिरतो व त्यास एका फेऱ्यास 243 दिवस लागतात. युरेनस तर कुशीवर पडल्यासारखा फिरतो. युरेनसला बाल्यावस्थेत एखादा मोठा गोळा आदळला असावा, असे पुष्कळ ज्योतिषशास्त्रज्ञांचे मत आहे.

चंद्र मिळण्याचे मार्ग ग्रहांना तीन आहेत. गॅलिलिओने 1610 साली दुर्बिणीतून पाहिलेले गुरूचे चार मोठे चंद्र गुरूभोवतीच्या लहान थाळीतून गुरूबरोबरच घडले. नेपच्यूनचा ट्रायटन हा ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो. तो परका असून वाटेत पकडला गेला असे मानितात. शनीच्या तर 128 नव्या लहान चंद्रांस 2025 सालच्या मार्चमध्ये मान्यता मिळून एकूण संख्या 274 झाली. बुध व शुक्र ह्यांस एकही नाही.

आपला चंद्र तिसऱ्या मार्गाने आला. सुमारे 450 कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा कोवळ्या पृथ्वीवर तिरकस आदळला, वितळलेला खडक आकाशात उडाला, पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि गोळा होऊन चंद्र झाला, असे आज बहुतेक विद्वान समजतात. पुराव्यावाचून हे कोणी मानावे असे आम्ही म्हणत नाही. 1969 ते 1972 ह्या वर्षांत अमेरिकेच्या अंतराळवीरांनी चंद्रावरील 382 किलो दगडमाती आणिली. तिच्यातील प्राणवायूची घडण पृथ्वीच्या खडकांशी विलक्षण जुळते. चंद्रात लोखंड फार थोडे आहे, कारण तो मुख्यत्वे वरच्या खडकांचा बनला. शिवाय 23 ऑगस्ट 2023 रोजी आपले चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण भागात उतरले. त्याच्या गाडीने तपासिलेल्या मातीवरून चंद्राचा पृष्ठभाग एके काळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, ह्या मतास बळकटी आली. आघात एकच झाला की अनेक, ह्याविषयी वाद अजून चालू आहे.

आकाशातून गोळे पडतात व खडक वितळवितात, ही कल्पना ज्यास अतिशयोक्तीची वाटेल त्याने पिंपळगावाहून आग्नेयेस, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारास जावे. तेथील वाटोळा खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. लवणासुराची कथा तर लोक सांगतच. पण कित्येक शिकलेले लोकही तो ज्वालामुखीचे तोंड समजत. पुढे तेथे खोल छिद्रे पाडून काढलेल्या दगडांत प्रचंड दाबाने काचेसारखे झालेले स्फटिक सापडले, आणि अशनीच्या आघातानेच तो खड्डा पडला असे 1973 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. तो पडला आहे आपल्या शेताखालच्याच काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टात. चंद्रावर ज्या डागांस आपण ससा किंवा हरीण म्हणतो, तेही त्याच जातीच्या दगडाचे आहेत. ह्यामुळे चंद्रावरील खड्डे समजून घेण्यास जगातील विद्वान लोणारास येतात.

आघातानंतर पृथ्वीचा दिवस अवघा पाच-सहा तासांचा असावा, असे गणित सांगते. मग तो 24 तासांचा कसा झाला? वर आम्ही पृथ्वीस अडथळा नाही म्हटले, त्यास एवढा एक अपवाद आहे. आणि तो अडथळा म्हणजे स्वतः चंद्रच. चंद्राच्या ओढीने समुद्रास फुगवटा येतो. आमच्या मराठवाड्यातील ज्या बंधूंनी समुद्र पाहिला नाही, त्यांनी मुंबईस किंवा कोकणात गेल्यास भरती-ओहोटी अवश्य पाहावी. फिरती पृथ्वी तो फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे नेते. चंद्र त्यास मागे ओढितो व फुगवटा चंद्रास पुढे ओढितो. तेणेकरून पृथ्वीची गिरकी मंदावते आणि चंद्र दूर सरकतो. चंद्रावर ठेविलेल्या आरशांवर प्रकाशकिरण सोडून हे सरकणे मोजले आहे. ते वर्षास सुमारे 3.8 सेंटिमीटर भरते.

पृथ्वीनेही चंद्राची गिरकी अशीच खाऊन टाकिली. आज तो एका प्रदक्षिणेत स्वतःभोवती एकदाच फिरतो, म्हणून त्याची एकच बाजू आपणांस दिसते. रात्रशाळेत हे समजाविण्यास एका मुलास मध्ये उभे करून दुसऱ्याने त्याच्याकडे तोंड ठेवून भोवती चालावे. फेरी पुरी होईतो चालणाऱ्याचे तोंड चारही भिंतींकडे होऊन जाते. मधल्यास मात्र त्याची पाठ कधीच दिसत नाही.

आपला दिवस शंभर वर्षांत सुमारे दोन सहस्रांश सेकंदाने वाढतो. अल्पच खरे, पण साचते. पोवळ्यांच्या कवचावर रोजची एक बारीक रेघ उमटते व वर्षाचा पट्टा वेगळा दिसतो. सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या, आता दगड झालेल्या पोवळ्यांवरील रेघा जॉन वेल्स ह्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने मोजून 1963 साली प्रसिद्ध केल्या. तेव्हा एका वर्षात 365 नव्हे, सुमारे 400 दिवस भरले.