पहाटे साडेपाचला जाऊन बघ

चहा घे आधी, मग ते प्रॉस्पेक्टस काढ. तिन्ही कॉलेजांचे जिमखान्याचे सर तुला घ्यायला तयार आहेत, फी माफ म्हणालेत, एकांनी तर बुटांचंही कबूल केलंय. बाबा खूश आहेत. तूच दोन दिवस गप्प आहेस, म्हणून तुला पुण्याला बोलावून घेतलं.

मी बारावीनंतर कॉलेज निवडलं ते जिमखान्यातलं काचेचं कपाट बघून. केवढे करंडक! ते आणणाऱ्या मुली आता कुठे आहेत, हे विचारायचं सुचलंच नाही. पहिल्याच महिन्यात कळलं, लांब पल्ल्याचं पळणारी मी एकटीच. स्पर्धेच्या आठवड्यात कबड्डी-खोखोच्या मुली घेऊन टीम पुरी करायचे. आपल्या क्रॉस कंट्रीत सांघिक निकाल नंबरांच्या बेरजेवर लागतो, सगळ्यात कमी बेरीज ती टीम पहिली. मी तिसरी आले तरी टीममधल्या बाकीच्या पन्नासाव्या नंबराच्याही मागे, मग टीमचं काय होणार? पण त्याचं एवढं वाटलं नाही गं. रोज अंधारात एकटीनं पळायचं, ते फार जड गेलं. आज पाय उचलत नसला तर पुढे एखादी पाठ दिसावी लागते. ती नव्हती.

म्हणून अर्ज भरण्याआधी त्या कॉलेजांच्या मुली जिथं पळतात तिथं पहाटे साडेपाचला जाऊन बघ. किती जणी येतात? डांबरावर पळतात की मातीवर? वेताळ टेकडी, तळजाई अशी एखादी मातीची वाट जवळ आहे का? होस्टेलचं फाटक पाचला उघडतं का? आणि पळून आल्यावर खायला काही मिळतं, की आठच्या लेक्चरला उपाशीच बसायचं?

तिथं तिसऱ्या वर्षाची मुलगी गाठ. तिला एवढंच विचार, तुझ्याबरोबर पहिल्या वर्षाला पळणाऱ्या किती होत्या आणि आता किती उरल्या. सर काय सांगतात त्यापेक्षा मी या उत्तरावर जास्त विश्वास ठेवीन.

सरांनाही एक विचार: पहिल्या वर्षी मला किती पळवणार? वीस वर्षांखालच्या मुलींचं क्रॉस कंट्रीचं अंतर ६ किलोमीटर. मोठ्या बायकांचं १०. जागतिक स्पर्धेत ते २०१७ पासून पुरुषांइतकं झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण सहावरून दहावर जायला वेळ लागतो. जो कोच ‘याच सीझनला मेडल’ म्हणतो, त्याला तू तिसऱ्या वर्षी कुठे असशील याची काळजी नसते. अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर क्रॉस कंट्री पळायला लागला, २०१५ मध्ये. स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुलचं रौप्य मिळालं २०२२ ला. मधली सात वर्षं मोज. आपल्या माणदेशातली मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, ती तरी एका सीझनची कमाई होती का?

आता जे बोलते ते तू आईजवळ काढणार नाहीस. दुसऱ्या वर्षी माझी पाळी पाच महिने आली नाही. एक सीनियर म्हणाली, छान, अंग तयार झालं. मी खरं मानलं. ते साफ खोटं आहे, बयो. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की पाळी थांबते, आणि ती थांबलेली असताना हाडंही कमजोर होत जातात. माझी नडगी दुखायला लागली तेव्हा ‘शेक घे, स्पर्धा होऊ दे’ असं सांगितलं गेलं. स्पर्धा झाली आणि हाडाला बारीक चीर निघाली. तो सबंध सीझन मी खिडकीत बसून काढला. त्यामुळे अशी गोष्ट जिच्याशी बोलता येईल अशी एक तरी बाई तिथं आहे का, ते बघ. हिमोग्लोबिन, फेरिटिन तपासून घेतात का? आणि जिथं मुलींना सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करून ‘दोन किलो कमी कर’ म्हणतात, तिथून सरळ परत ये. फी माफ असली तरी.

अभ्यासाचं तू जाणतेसच. सीझन आणि पहिल्या सत्राची परीक्षा हमखास एकमेकांवर येतात. तुझं प्रॅक्टिकल बुडलं तर ते पुन्हा कोण घेणार, हे विभागप्रमुखांना आधीच विचारून ठेव. खेळाची प्रमाणपत्रं मात्र पहिल्या दिवसापासून फाइलला लाव. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तेव्हा प्रत्येक कागदाची पडताळणी होते.

तिन्ही ठिकाणी मी येते तुझ्याबरोबर. उद्या त्यांतल्या टेकडीजवळच्या कॉलेजपासून सुरुवात करू. नुसती बघत उभी राहू नकोस, त्यांना विचारून त्यांच्यात पळ. मी खाली पाण्याची बाटली घेऊन थांबते. वर चढताना कुणी मागे वळून तुझ्याकडे बघितलं का, ते मला आल्यावर सांग.